मयत हजर आहे

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा सावेडीतल्या आमच्या सोसायटीत जी घबराट पसरली, तिचा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. निवृत्तीनंतर लेकीच्या शेजारी फ्लॅट घेऊन राहायला आलो, तेव्हापासून मला कुणी काही विचारत नव्हतं. टाकी भरली का, एवढाच काय तो प्रश्न. आता मात्र लोक संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून मला मधोमध बसवू लागले. खरेदीखतावर जुनं नाव आहे, फ्लॅट आपलाच राहील ना? मुलीच्या जन्मदाखल्यावर जुनं नाव आहे, तिचा पासपोर्ट अडणार नाही ना? एका गृहस्थांनी तर बायको जिना चढून गेल्यावर हळूच विचारलं, की लग्नाची नोंद जुन्या नावाच्या जिल्ह्यात झालेली असेल तर ती आपोआप रद्द होते का. मी त्यांची निराशा केली.

घसा खाकरून मी सांगायचो, "घाबरू नका. नाव बदलतं, हद्द बदलते, कार्यालय बदलतं. पण जुन्याने जे केलं ते नव्यानेच केलं असं मानण्यात येतं. कायदा मधे कुठे खंड पडू देत नाही." 'मानण्यात येतं' हे शब्द मी खास जोर देऊन म्हणायचो. लोक माना डोलवायचे. "तुम्हाला एवढं कसं ठाऊक?" असं कुणी विचारलंच, तर "अनुभव" एवढंच म्हणून मी चहाचा घोट घ्यायचो. काय अनुभव, ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर माझी खुर्ची पुन्हा कडेला गेली असती.

जिल्ह्याच्या पूर्वेकडे, जिथे पाऊस नेहमीच हात आखडता घेतो, तिथल्या एका मोठ्या गावच्या ग्रामपंचायतीत मी क्लार्क होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून एसटी स्टँडवर गाठून मला जुने हिशेब विचारतात. त्या गावात माझी ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक माझं अक्षर आणि दुसरं माझं 'बघू'. अक्षर मोत्यासारखं, असं लोक म्हणायचे. 'बघू'बद्दल काय म्हणायचे ते माझ्या तोंडावर कुणी म्हणालं नाही. आमच्याकडे ग्रामसेवकापासून तलाठ्यापर्यंत टेबलामागे बसलेल्या प्रत्येक माणसाला भाऊसाहेब म्हणतात, तसं मलाही म्हणायचे, आणि मला ते पटायचं.

एके दिवशी शासनाची अधिसूचना आली आणि आमची ग्रामपंचायत बरखास्त होऊन तिची नगरपंचायत झाली. गाव रात्री गाव म्हणून झोपलं आणि सकाळी शहर म्हणून उठलं. गटारी होत्या तिथेच होत्या. बाजारतळावरच्या शेळ्यांनाही काही फरक पडलेला दिसला नाही. फरक पडला तो एका हॉटेलवाल्याला. गटारीवर ओटा बांधला म्हणून ग्रामपंचायतीने त्याला तो पाडायची नोटीस दिली होती. नोटीस देणारीच मेली, आता नोटीस कसली, असा हिशेब करून त्याने सकाळी सकाळी पेढे वाटले. मलाही दिला. मी पेढा खाल्ला आणि मग त्याला सांगितलं, की नोटीस जिवंत आहे. ग्रामपंचायतीने काढलेली नोटीस आता नगरपंचायतीनेच काढली असं मानण्यात येतं. तो म्हणाला, "मंग पेढा कशाला खाल्ला?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हतं.

त्या दिवसांत मी अधिनियमाचं ते कलम पाठच केलं होतं. मालमत्ता, करार, परवाने, नोटिसा, ठराव, दावे आणि कर्मचारी, सगळं नव्या संस्थेकडे चालू राहतं. शेवटचा शब्द वाचताना मला भरून यायचं, कारण त्यात मी होतो. ग्रामपंचायतीचा क्लार्क म्हणून मेलो आणि नगरपंचायतीचा लिपिक म्हणून उठलो, असं मी चहाच्या टपरीवर सांगत हिंडायचो. फक्त एक काम बाकी होतं. त्याला समावेशन म्हणतात. जुन्या कर्मचाऱ्यांची यादी हजेरीपटासकट वर पाठवायची, ती मंजूर झाली की नोकरी पक्की. यादी करायचं काम अर्थातच मोत्यासारख्या अक्षराकडे आलं.

यादीत आठ नावं होती. त्यातलं सहावं नाव बाजारतळ झाडणाऱ्या सफाई कामगाराचं होतं. तो मरून अकरा वर्षं झाली होती.

आता हे नीट सांगायला हवं. तो माणूस पोटाच्या दुखण्याने गेला. तिसऱ्या दिवशी त्याची बायको कचेरीत आली. वयाने माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण सगळं गाव तिला मावशी म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो. ती दारातच उभी राहिली. "ह्ये गेलं, भाऊसाहेब," ती म्हणाली. "त्येवढं कागदावर लिवून घ्या. आन् उंद्या बाजार हाय. तळ मी झाडते." मी विचार केला. नवीन माणूस लावायचा म्हणजे मासिक सभेत ठराव, ठरावाला मंजुरी. ग्रामसेवकाची बदली झालेली, नवा अजून आलेला नाही. आणि मरणाची नोंद केली, तर मेलेल्याच्या नावावर हजेरी चालवता येणार नाही. मग बाजार कोण झाडणार? मी तिला म्हणालो, "मावशी, तूर्त त्याच्याच नावावर चालू द्या. महिनाअखेर बघू."

किती सोपी युक्ती! घर तेच, झाडू तोच, तळ तोच. ठराव नको, मंजुरी नको. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं, आणि महिनाअखेर आली तेव्हाही ते ओसरलेलं नव्हतं. अकरा वर्षांत पाच ग्रामसेवक आले आणि गेले. प्रत्येकाला मी सांगितलं, की असं असं आहे, आणि प्रत्येकाने म्हटलं, चाललंय ते चालू द्या. ती दर महिन्याला पगार घ्यायला यायची, हजेरीपटात नवऱ्याच्या नावापुढे अंगठा उठवायची आणि त्या अंगठ्याशेजारी मी सुवाच्य अक्षरात लिहायचो, 'याची निशाणी'. 'याची'. एकदाही माझा हात अडखळला नाही.

मधूनमधून ती मयताचा दाखला मागायची. घर नवऱ्याच्या नावावर होतं, ते तिला पोरांच्या नावावर करायचं होतं. रेशनकार्डावरही तोच कुटुंबप्रमुख होता. जन्ममृत्यूचं रजिस्टर माझ्याच कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली माझ्याच खिशात. मी म्हणायचो, "बघू." ती म्हणायची, "बगा." एवढ्यावर आमचं भागायचं.

नगरपंचायतीला पहिल्या मुख्याधिकारी आल्या त्या स्पर्धा परीक्षा देऊन आलेल्या तरुण मॅडम होत्या. त्यांना मी पहिल्याच दिवशी ते कलम म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो, माहीत आहे," आणि हजेरीपट मागितला. त्यांची रीत वेगळी होती. यादीवर सही करण्याआधी प्रत्येक कर्मचारी डोळ्यांनी बघायचा म्हणून त्यांनी सगळ्यांना कचेरीत बोलावलं आणि मला नावं वाचायला सांगितलं. मी वाचू लागलो. शिपाई हजर. पाणीपुरवठा हजर. दिवाबत्ती हजर. सहाव्या नावाशी मी खोकलो, पाणी प्यालो, चष्मा पुसला. शेवटी वाचलं.

"हजर," मावशी म्हणाली.

तिच्या दृष्टीने त्यात वावगं काही नव्हतं. अकरा वर्षं त्या नावाला तीच ओ देत होती. बाकीच्या सहा जणांनाही काही वाटलं नाही. मॅडमनी मात्र मान वर केली.

"हे पुरुषाचं नाव आहे ना?"

"तांत्रिक बाब आहे, मॅडम," मी म्हणालो.

"ते स्वतः कुठे आहेत?"

माणूस घाबरला की त्याच्या तोंडून काय बाहेर पडेल याचा नेम नाही. मी म्हणालो, "रजेवर आहेत."

खोलीत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाली, "ते मेले की वो, मॅडम. अकरा वर्सं झाली. भाऊसाहेबांस्नी ठाव हाय."

मॅडमनी हजेरीपट मिटला. बाकीच्यांना बाहेर पाठवलं, मला उभं ठेवलं आणि मावशीला खुर्ची दिली. ती बसली नाही. मॅडमनी तिला सरळ शब्दांत सांगितलं, की मेलेल्या माणसाचं नाव वर पाठवता येणार नाही आणि तुमचं नाव कुठल्याच कागदावर नाही. नेमणूक नाही, ठराव नाही, हजेरी नाही. "कागदाप्रमाणे तुम्ही इथं कधी कामच केलेलं नाही. यादी या आठवड्यात जायची आहे. त्यात नाव नसेल तर काम जाईल."

मी दोन महिने गावभर सांगत हिंडलो होतो, की जुन्या ग्रामपंचायतीतलं काहीही वाया जात नाही. हॉटेलवाल्याची नोटीस टिकली. चौकातल्या दिव्याचा ठराव टिकला. स्टँडसमोर म्हशी बांधू नयेत हा ठराव तर कुणी कधीच पाळला नव्हता, तोही टिकला. मेलेला माणूससुद्धा जवळजवळ टिकला होता. रोज पहाटे उठून तळ झाडणारी तेवढी टिकत नव्हती, कारण जे कधी लिहिलंच नाही ते चालू कसं राहणार? आणि लिहायचं काम माझं होतं.

त्या दिवशी घरी गेलो तेव्हा मी फार उदात्त विचार करत होतो असं कुणी समजू नये. मी हिशेब करत होतो. सहावं नाव काट मारून टाकलं की प्रकरण तिथेच मिटतं. 'नजरचुकीने राहून गेले' हे वाक्य कचेरीत बाराही महिने चालतं. मावशीचं काम जाईल, पण माझं समावेशन सुरळीत होईल. उलट मी खरं लिहून दिलं, की मयताची हजेरी मीच लावत होतो, तर तिचं काय व्हायचं ते होवो, माझं काय होईल ते दिसतच होतं. बायकोला सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता तिने विचारलं, "आणि तळ तीच झाडत होती ना?" मी म्हणालो, हो. "मग तसं लिहा की," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. इतक्या वर्षांच्या संसारात मला सर्वात जास्त राग तिच्या अशा वाक्यांचा आलेला आहे.

तरी मी दोन दिवस काही लिहिलं नाही. मावशी मात्र रोज तळ झाडत होती. तिसऱ्या दिवशी ती कचेरीत आली, माझ्या टेबलाकडे न थांबता सरळ मॅडमच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "मॅडम, कागुद न्हाई म्हन्ता तुमी. पन अंगठा तर माजाच हाय."

मॅडमनी मला हजेरीपट घेऊन बोलावलं. मावशीने शाईच्या डबीवर अंगठा दाबून कोऱ्या कागदावर उठवला. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली असताना तिच्या अंगठ्याला कोयता लागला होता. ती खूण ठशाच्या मधोमध आडवी गेलेली होती, शाई न लागलेली पांढरी रेघ. मॅडमनी हजेरीपटाची पानं उलटायला सुरुवात केली. पहिल्या काही पानांवर नवऱ्याची वेडीवाकडी सही होती. त्याला सही येत होती. मग एका महिन्यापासून सही थांबली आणि अंगठा सुरू झाला. त्यात तीच पांढरी रेघ. पुढच्या महिन्यात तीच. पानामागून पान, अकरा वर्षं, एकही महिना न चुकता. त्या प्रत्येक रेघेच्या शेजारी मोत्यासारखं अक्षर, 'याची निशाणी'. ती रेघ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. एवढी वर्षं मी फक्त माझं अक्षर बघत होतो.

मला लाज वाटली. आजवर अनेकदा वाटायला हवी होती ती सगळी त्या दिवशी एकदम वाटली.

त्याच टेबलावर बसून मी खुलासा लिहून दिला. सदर कर्मचारी मयत असल्याचे मला माहीत होते, त्याच्या जागी त्याची पत्नी काम करत होती, हजेरी मीच भरत होतो. आयुष्यात पहिल्यांदा माझं अक्षर खराब आलं. मॅडमनी तो वाचला आणि म्हणाल्या, "हे आणि अंगठे मिळून काम यांनीच केल्याचं मी मांडते. पण कोणत्या तारखेपासून मांडणार? मृत्यू कोणत्या दिवशी झाला ते लागेल. नोंद आणा."

नोंद नव्हती. ती का नव्हती तेही मला सांगावं लागलं. मॅडमनी हजेरीपट बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, की उशिराची नोंद आहे, कोर्टाच्या आदेशाने होईल, अर्ज आजच भरा, त्याची प्रत यादीला जोडते.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. नोंद झाली. मावशीचं नाव यादीत गेलं आणि तिचं समावेशन झालं. माझंही झालं. माझ्या सेवापुस्तकात मात्र लाल शाईने सक्त ताकीद लिहिली गेली आणि ती निवृत्तीपर्यंत तिथे होती. मला जे सांगायचंय ते त्याच्या आधीचं, अर्ज भरायच्या दुपारचं.

मावशी माझ्या टेबलासमोर बसली होती. या वेळी खुर्चीवर. मी रकाने भरत होतो. मयताचं नाव, वय, व्यवसाय. मृत्यूची तारीख तिला तोंडपाठ होती, वार आणि वेळसुद्धा. गेला तेव्हा जवळ कोण होतं, काय बोलला, हेही ती सांगू लागली. त्याला रकाना नव्हता, पण मी तिला थांबवलं नाही. अकरा वर्षांत हे तिने कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कचेरीच्या मते तो मेलाच नव्हता. सांगून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "म्होरलं लिवा."

पुढचा रकाना माहिती देणाऱ्याचा होता. मृत्यूची माहिती कोण देतं आहे, त्याचं नाव आणि सही. सवयीने मी 'पत्नी' असं लिहायला पेन टेकवलं आणि अंगठ्यासाठी शाईची डबी तिच्याकडे सरकवली. तिने विचारलं, "ह्यात काय लिवायचंय?"

मी म्हणालो, "मेल्याचं कुणी कळवलं, ते."

तिने डबी माझ्याकडे परत सरकवली.

"म्या तर तवाच कळवलं हुतं, भाऊसाहेब. तिसऱ्या दिशी, ह्या दारात हुबी ऱ्हाऊन. तुमी लिवलं न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता. "आता तुमी कळवा. तुमचं नाव लिवा."

मी त्या रकान्यात माझं नाव लिहिलं आणि खाली सही केली. मी कागद तिच्याकडे वळवला, आणि माझ्या सहीवरची शाई वाळेपर्यंत ती बघत राहिली.